कराटे आणि लाठी, दोन्ही खेळणाऱ्या मुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडला कराटे आणि लाठी शिकवते. क्लास सुटल्यावर गेटापाशी, रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आणि एकदा तर चुलतबहिणीच्या हळदीत, पालक मला तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एका जागी आणलेत. आधी सोपे, मग किचकट. नंबर अशासाठी, की एकच गोष्ट दोनदा लिहायला नको.

१. मॅडम, कराटे आणि लाठी म्हणजे एकाच खेळाचे दोन भाग ना?

नाही. कराटे मूळचं ओकिनावा बेटांवरचं. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं, तिथून ते जपानभर आणि मग जगभर गेलं. काठी ओकिनावातही आहे, तिला 'बो' म्हणतात, पण कराटेच्या स्पर्धेत ती येत नाही.

आणि 'लाठी' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. कोल्हापूरच्या तालमींमधला मर्दानी खेळ, ज्यात लाठीबरोबर दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला), भाला, फरी-गदका हे सगळं येतं. तमिळनाडूचा सिलंबम. आणि पंजाबचा गतका, ज्यात काठीला सोटी म्हणतात आणि दुसऱ्या हातात छोटी ढाल असते. काठी तिन्हींत आहे, नियम तिन्हींचे वेगळे. "लाठीची स्पर्धा आहे" असा मेसेज आला की पहिलं विचारायचं: यातली कुठली?

२. कितव्या वर्षापासून पाठवू?

कराटेला सहा-सात. त्याआधी येतात ती मुलं रांगेत उभं राहायला शिकतात, जे वाईट नाही, पण त्याची फी क्लासला का द्यायची? लाठी मी नऊ-दहाच्या आत देत नाही. काठी हलकी असली तरी तिचं टोक कुठे जातंय याचं भान त्याआधी येत नाही, आणि शेजारी उभ्या पोराच्या कानाला ते परवडत नाही.

३. कराटेच्या स्पर्धेत नक्की काय खेळतात?

दोन प्रकार. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, एकट्याने करायची. कुमिते म्हणजे समोरासमोर लढत. एक खेळाडू लाल पट्ट्यात (आका), दुसरा निळ्यात (आओ). तुमचा ब्राऊन बेल्ट असो की ब्लॅक, मोठ्या स्पर्धेत मॅटवर तो काढूनच जायचं.

कुमितेत हाताने मारलेल्या नेमक्या ठोशाला १ गुण (युको), पोटावर किंवा पाठीवर लाथेला २ (वाझा-आरी), डोक्याच्या उंचीच्या लाथेला ३ (इप्पोन). समोरचा खाली पडलेला असताना त्याच्यावर नीट नियंत्रणात मारलेल्या ठोशालाही ३. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. मॅट आठ बाय आठ मीटरची, आणि मुलांना ती पहिल्यांदा मैदानाएवढी वाटते.

इथे 'मारलेल्या' हा शब्द जपून वाचा. कराटेत मारायचं असतं ते थांबवून. लहान गटांत चेहऱ्याकडे जाणारा ठोसा चेहऱ्याला न लागता थांबला पाहिजे. लागला तर गुण जातो, वर ताकीद. (पार मारलं तर काय, ते प्रश्न १२ मध्ये.)

४. आणि लाठीत गुण कसे देतात?

सिलंबमच्या स्पर्धेत ढोबळ दोन भाग. एक प्रदर्शनाचा: एक काठी, दोन काठ्या, शिवाय तलवार किंवा हरणाच्या शिंगांचं 'माडू' अशी शस्त्रं. यात पायांच्या चाली, वेग, काठीचा फिरता गोल किती सलग राहतो हे बघतात. काठी हातातून सुटली की गुण कापले जातात, आणि बाकीचा वेळ ते पोर त्या सुटलेल्या काठीचाच विचार करत राहतं. दुसरा भाग लढतीचा, काठीच्या स्पर्शाला गुण. जुन्या पद्धतीत काठीच्या टोकाला राख किंवा रंग लावत आणि अंगावर उमटलेले डाग मोजत. माझ्या मते यापेक्षा प्रामाणिक पंच कोणी नाही.

आपल्या फरी-गदक्यातही खरी लढत आहे. कातडं चढवलेली काठी एका हातात, फरी म्हणजे छोटी ढाल दुसऱ्या हातात. पण मर्दानी खेळ आपल्याकडे जास्त करून बघायला मिळतो तो शिवजयंतीला, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा ६ जूनला रायगडावर. ते प्रात्यक्षिक आहे, स्पर्धा नाही. २०२४ मध्ये सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत. पण मिरवणुकीत टाळ्या मिळवणारी पोरं स्पर्धेच्या मॅटवर गोंधळतात, कारण तिथे समोरचा ठरल्यासारखा मागे सरत नाही.

५. दोन्ही एकदम केलं तर एकाचा दुसऱ्याला त्रास होतो का?

होतो. बाहेर सांगतात, "दोन्ही मार्शल आर्टच, एकमेकांना पूरक." अर्धं खरं आहे.

कराटेत एक हात मारायला गेला की दुसरा कमरेशी ओढला जातो, त्याला हिकिते म्हणतात. कातात पंच हे बघत असतात. लाठीत दोन्ही हात काठीवर असतात आणि कमरेकडे गेलेला हात म्हणजे सुटलेली पकड. कराटेचा ठोसा सरळ रेषेत जातो आणि थांबतो. लाठी गोलात जाते आणि थांबली की मेली. शिवाय अंतर: कुमिते एका पायाच्या लांबीवर चालतं, लाठी त्याच्या दुप्पट लांबून. लाठीवाली पोरं कुमितेत लांब उभी राहून वाट बघतात आणि निष्क्रियतेची ताकीद घेऊन येतात. कराटेवाली पोरं लाठीत आत घुसतात आणि बोटांवर मार खातात.

माझ्याकडे एक बारा वर्षांची मुलगी होती. शिवजयंतीसाठी दोन महिने रोज लाठी, संध्याकाळी दीड तास. त्यानंतर पंधरा दिवसांत जिल्ह्याची कुमिते. समोरची पुढे आली की हिचे दोन्ही हात डोक्यावर जायचे, हातात नसलेली काठी फिरवत. पोट उघडं. पहिल्या मिनिटात पोटावर तीन ठोसे, तीन युको. बाहेर आली आणि म्हणाली, "मॅडम, मला कळत होतं, पण हात ऐकत नव्हते." चूक तिची नव्हती, वेळापत्रक मी लावलं होतं.

तेव्हापासून नियम असा: कराटेच्या स्पर्धेआधी सहा आठवडे लाठी फक्त वॉर्मअपपुरती, नवी चाल शिकवायची नाही. लाठीची स्पर्धा असेल तर उलट. दोन्हीला उपयोगी पडतात ते पाय: टाचेवर न बसणं, वळताना कमरेने वळणं, आणि नजर समोरच्याच्या हातावर न ठेवता छातीवर ठेवणं. मनगट आणि कोपराचं मात्र बघा. लाठी वाढवली आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, चहाचा कप उचलतानाही कळ येते, तर पंधरा दिवस लाठी बंद आणि डॉक्टर. "सवय होईल" म्हणू नका.

६. लाठी कुठली घेऊ? ऑनलाइन छान छान मिळतात.

छान दिसतात त्यावर बहुतेक वेळा वॉर्निशचा थर असतो. घामाने ओल्या हातात ती निसटते. भरीव किंवा जवळजवळ भरीव बांबू घ्या. सिंधुदुर्गात होणारा माणगा त्यासाठी उत्तम, आतली पोकळी अगदी कमी असते. वेत लवचीक आणि हलका, लहान मुलांना बरा. लांबी उभ्या मुलाच्या कपाळापर्यंत. मुलं वाढतात, काठी वाढत नाही, म्हणून दरवर्षी मापून बघा.

पेरं घासून सपाट करा, नाहीतर तळव्याची सालं निघतात. महिन्यातून एकदा जवसाचं तेल चोळून सावलीत ठेवा. उभी चीर दिसली की टेप गुंडाळून चालवू नका. ती काठी टोमॅटोच्या वेलाला लावा.

७. कराटेचं सामान किती लागतं?

सुरुवातीला फक्त ड्रेस. कुमिते खेळायचं ठरलं की ग्लोव्हज, शिन गार्ड, पायाचं पॅड, चेस्ट गार्ड आणि माउथगार्ड. लहान गटांत फेसमास्कही. माउथगार्ड दुसऱ्याचा वापरू देऊ नका, भावाचासुद्धा. बाकी सामान क्लासमध्ये अदलाबदल करून दोन वर्षं आरामात निघतं.

८. ब्लॅक बेल्ट झाल्याशिवाय स्पर्धा खेळता येते का?

येते. खालच्या स्पर्धांत बेल्टप्रमाणे गट पाडतात, वरच्या स्पर्धांत वय आणि वजनाने. बेल्ट तुमच्या स्टाईलच्या आणि संघटनेच्या परीक्षेवर मिळतो (शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू या मुख्य चार). एका संघटनेचा ब्लॅक बेल्ट दुसरीकडे तसाच धरला जाईल असं नाही. दीड वर्षात ब्लॅक बेल्ट देणाऱ्या क्लासबद्दल मला विचारू नका, मी उत्तर देईन आणि मग भांडण होईल.

९. कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट नोकरीला, दहावीला चालतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि पालक तो सर्टिफिकेट मिळाल्यावर विचारतात, पैसे भरण्याआधी नाही.

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. दोन्हीकडे फक्त मान्य खेळाच्या, मान्य पातळीवरच्या स्पर्धा धरतात. शालेय क्रीडा स्पर्धा (तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि पुढे राष्ट्रीय) हा सगळ्यात सरळ रस्ता, कारण त्या क्रीडा विभागच घेतो. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून होते. तिथे फाइल उघडली की शिक्के आणि सोनेरी बॉर्डर बघत नाहीत, स्पर्धा कोणी घेतली ते बघतात.

कराटेत आणखी एक भानगड आहे. देशपातळीवर एकापेक्षा जास्त संघटना आहेत, त्यांची भांडणं कोर्टापर्यंत गेली आहेत आणि मान्यता कोणाकडे हे वर्षांनुसार बदललं आहे. म्हणून "आमची संघटना मान्यताप्राप्त आहे" एवढ्यावर थांबू नका. विचारा: या वर्षी? कोणाकडून? पत्र दाखवता? दाखवायला खळखळ केली तर तेच उत्तर समजा. त्याच वर्षाचा शासन निर्णय जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे बघायला मिळतो. अर्धा दिवस जाईल, पण जाऊन या.

काठीच्या आणि बाकी देशी खेळांचं चित्र वेगळं आहे. गतका, केरळचा कलरीपयट्टू, मणिपूरचा थांग-ता आणि मल्लखांब हे २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत होते. सिलंबम २०२४ च्या जानेवारीत तमिळनाडूतल्या स्पर्धेत प्रात्यक्षिक खेळ म्हणून आला. म्हणजे दरवाजा किलकिला झालाय. पण 'लाठी' एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट यातल्या कुठल्याच खेळाचं नसू शकतं (प्रश्न १ पुन्हा वाचा).

१०. मुलाची 'इंटरनॅशनल'ला निवड झाली आहे, पैसे भरायचे आहेत. भरू का?

निवड कुठल्या स्पर्धेतून झाली? जिल्हा-राज्य-राष्ट्रीय अशी पायरी नसताना थेट इंटरनॅशनल आली असेल, तर ती निवड नाही, बुकिंग आहे. मीही एकदा मुलं घेऊन अशा स्पर्धेला गेले आहे. बॅनरवर सात देशांचे झेंडे होते आणि हॉलमध्ये बाकी सगळ्या टीम आमच्या आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या. आमच्या मुलाची लढत रात्री सव्वानऊला लागली, तोवर त्याने दोन वडापाव खाल्ले होते. पदक मिळालं, ते अजून त्याच्या घरी शोकेसमध्ये आहे.

अनुभवासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण अनुभव म्हणूनच. त्या कागदावर नोकरी मागायला जाऊ नका.

११. कराटे ऑलिम्पिकमध्ये आहे ना?

एकदाच होतं. २०२० चं टोकियो ऑलिम्पिक, जे प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालं, त्यात निप्पॉन बुडोकानमध्ये कराटेचे आठ प्रकार झाले. २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं, २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही. आशियाई स्पर्धांत मात्र १९९४ च्या हिरोशिमापासून आहे. काठीचा कुठलाही खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. आग्नेय आशियाई स्पर्धांत फिलिपिन्सचा आर्निस खेळला गेला आहे, त्यात वेताच्या दोन छोट्या काठ्या असतात. फिलिपिन्सने २००९ मध्ये कायदा करून त्याला राष्ट्रीय खेळ केलं.

१२. आमच्या मुलाने समोरच्याला आडवा केला, तरी पंचांनी हरवला. हा अन्याय नाही का?

नाही. यासाठी मी सगळ्यांना टोकियोचीच गोष्ट सांगते. ७५ किलोवरच्या पुरुषांच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजझादेच्या डोक्याला बसली आणि गंजझादे बेशुद्ध पडला. स्ट्रेचरवरून बाहेर गेला. पंचांनी हमेदीला अति जोराच्या प्रहाराबद्दल बाद केलं आणि सुवर्ण गेलं बेशुद्ध माणसाला. हमेदी मॅटवर रडला, त्याला रौप्य मिळालं.

जिल्ह्यातही नियम हाच. उलट बाजूही लक्षात ठेवा: लागलं नसताना लोळण घेतली, तर त्यालाही शिक्षा आहे. कोपऱ्यातून "पड, पड!" ओरडणारे काका, हे तुमच्यासाठी आहे.

१३. शाळेत मुलगी १४ वर्षांखालच्या गटात आहे, संघटनेच्या स्पर्धेत 'कॅडेट'मध्ये टाकलं. चूक झाली का?

बहुतेक नाही. शालेय स्पर्धेत जन्मतारखेची एक कटऑफ तारीख असते, ती वर्षभर तीच. संघटनेच्या, जागतिक नियमांवर चालणाऱ्या स्पर्धेत, स्पर्धेच्या वेळी पूर्ण झालेलं वय धरतात: १४-१५ कॅडेट, १६-१७ ज्युनियर. त्यामुळे जानेवारीत चौदा पूर्ण केलेली मुलगी त्याच हंगामात दोन्ही गटांत बरोबरच बसते. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख एक आहे ना, एवढं आजच बघा. वजनाच्या टेबलापाशी ते कळलं तर तिथून घरी.

१४. गटात एकटीच होती, न खेळता गोल्ड मिळालं. आनंद मानायचा का?

फोटो काढा, पेढे नकोत. मुलीला खरं काय ते माहीत असतं. मी अशा वेळी संयोजकांना विचारून तिला शेजारच्या वजनगटातल्या कुणाशी मैत्रीची लढत लावून देते, दोघींचे प्रशिक्षक तयार असतील तर.

१५. अर्धा किलो जास्त भरतंय. उपाशी ठेवू का?

नको. वरच्या गटात खेळू द्या. वाढत्या वयात पाणी तोडून, स्वेटर घालून पळवून वजन उतरवलेलं मूल मॅटवर दुसऱ्या मिनिटाला रिकामं होतं.

१६. पाळीच्या दिवसांत स्पर्धा आली तर?

तिला खेळावंसं वाटत असेल तर खेळेल, पोटात दुखत असेल तर नाही. ठरवणारी ती. ड्रेस पांढरा असल्यामुळे भीती डागाची असते. आत त्वचेच्या रंगाची सायकलिंग शॉर्ट घालायची, काळी पांढऱ्यातून दिसते. मुलींनी जॅकेटच्या आत साधा पांढरा टी-शर्ट घालायचाच असतो. माझ्या किटबॅगेत पॅड आणि जास्तीची पँट कायम असते. सांगायला लाजू नका, वडिलांनीसुद्धा.

१७. लाठी प्रवासात कशी न्यायची?

एसटीत कंडक्टरला आधी सांगून डिकीत. रेल्वेत सगळ्या काठ्यांची एक मोळी, दोन ठिकाणी बांधलेली, खालच्या बर्थखाली. विमानात केबिनमध्ये अजिबात नाही, चेक-इनमध्येच, आणि पाच फुटांची मोळी म्हणजे जास्त लांबीचं सामान. एअरलाइनला आधी फोन करा. मागच्या वेळी आम्ही ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप कापून त्यात काठ्या भरल्या आणि दोन्ही तोंडांना बूच लावलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, प्लंबिंगचं काम घेतलंय का?"

१८. एकाच दिवशी दोन्ही स्पर्धा आल्या. कुठे पाठवू?

दहावी-बारावीचं वर्ष असेल आणि एक स्पर्धा शालेय असेल, तर ती (कारण प्रश्न ९). बाकी वर्षी मुलाला विचारा, पण आई-वडील दोघंही समोर नसताना. गेल्या वर्षी आठवीतल्या एकाला मी असंच विचारलं. कराटेत त्याची राज्यापर्यंत मजल होती, लाठीत काहीच नव्हतं. तो म्हणाला लाठी. का, तर तिकडे त्याचे आजोबा बघायला येणार होते, कराटे त्यांना कळत नाही. गेला, पहिल्याच फेरीत काठी सुटली, बाहेर आला. आजोबांनी ती काठी हातात घेऊन तोलून बघितली आणि मला म्हणाले, "टोकाला जड आहे हो ही. घासून देतो."